तांब्याच्या पत्र्यापासून कोतवाल बुकापर्यंत : यवतमाळच्या वंशावळींचा माग

१/
१९३९ साल. वाशीमचे पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्याजवळ काही जुने ताम्रपट होते. यवतमाळचे इतिहाससंशोधक य. खु. देशपांडे यांनी ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. त्याच वर्षीच्या इंडियन हिस्टरी काँग्रेसच्या इतिवृत्तात देशपांडे आणि महाजन यांनी केलेले त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. त्या पत्र्यांवर एका राजघराण्याची हरवलेली शाखा कोरलेली होती. वंशावळ कशी हरवते, कोठे टिकते आणि आज तिच्यावर काय काय अवलंबून आहे, याची ही यवतमाळकेंद्री कथा.

२/
आधी ती हरवली कशी, ते पाहू. वाकाटकांची वंशावळ अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात आहे. पण तो लेख फार झिजलेला. एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी त्यातील पुसट नावे वाचताना विदर्भातील इतर ताम्रपटांत आढळणारी नावे गृहीत धरली. परिणामी पहिल्या प्रवरसेनानंतरचे सर्व राजे एकाच ओळीत बसवले गेले. वास्तविक घराणे दुभंगले होते. एक शाखा नंदिवर्धनची, म्हणजे नागपूरकडील. दुसरी वत्सगुल्माची, म्हणजे वाशीमची. दोन चुलत घरे कागदावर एक झाली आणि दुसऱ्या घराचे आरंभीचे पुरुष इतिहासातून नाहीसे झाले.

३/
वाशीमच्या ताम्रपटात क्रम स्वच्छ होता : प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन, त्याचा पुत्र विंध्यशक्ती (दुसरा). हे दान विंध्यशक्तीच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले. नांदीकट, म्हणजे नांदेड, प्रदेशातील आकाशपद्द हे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची ही नोंद. वंशवर्णनाचा भाग संस्कृतात, व्यवहाराचा भाग बहुतांशी प्राकृतात. पूर्वजांची कीर्ती संस्कृतात सांगावी आणि गावाच्या हक्काचा मजकूर प्राकृतात लिहावा, अशी ती विभागणी.

४/
या नव्या पुराव्याच्या उजेडात वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वाचनात सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावे आपापल्या जागी आली. प्राकृतातील ‘हरिविजय’ या आज लुप्त असलेल्या काव्याचा कर्ता म्हणून साहित्यशास्त्रकारांना ठाऊक असलेला सर्वसेन तो हाच, हेही ध्यानात आले. शिलालेख तोच होता, दगडही तोच. पुराव्याचा दुसरा धागा हाती येताच पहिल्याचा अर्थ बदलला.

५/
या प्रसंगात वंशावळींच्या अभ्यासाचे तीन नियम दडलेले आहेत. एक, वंशावळ बहुधा वंशावळीसाठी लिहिली जात नाही. जमीन, कर किंवा हक्क यांच्या निमित्ताने ती कागदावर उतरते. दोन, ती सरकारी दप्तराइतकीच एखाद्या घरातही टिकते. तीन, एकाच कागदावर विसंबले तर दोन घरे एक होतात किंवा एका घराची दोन होतात. राजाच्या बाबतीत जे खरे, तेच शेतकऱ्याच्या, कोलामाच्या आणि बंजारा तांड्याच्या बाबतीतही खरे.

६/
देशपांडे यांचे नाव यवतमाळच्या ‘शारदाश्रम’ या संस्थेशी जोडलेले आहे. प्रांताच्या राजधानीपासून दूर, जिल्ह्याच्या गावी राहून पोथ्या, ताम्रपट आणि जुने कागद यांचा शोध घेणारी ही मंडळी. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ चा. महानुभाव पंथानेही ‘अन्वयस्थळ’सारख्या ग्रंथांतून गुरुशिष्यांची परंपरा नोंदवून ठेवली, तीही वंशावळच, मात्र रक्ताची नव्हे, उपदेशाची. स्थानिक संशोधकाला कोणत्या वाड्यात कोणती पेटी आहे हे ठाऊक असते. वाशीमचे पत्रे उजेडात आले ते अशाच जवळिकीमुळे.

७/
आता सामान्य घराकडे वळू. यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबाचा माग काढणे कठीण का? कारण हा मुलूख सतत हातांतर होत राहिला. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यात ‘यवत-लोहारा’ हा परगणा येतो. त्यातील यवत आणि महाल मिळून यवतमाळ झाले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशावरील हक्क सोडला आणि हा भाग निजामाकडे राहिला.

८/
१८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेले. नाव मात्र ‘हैदराबाद अमानती जिल्हे’. आजच्या यवतमाळच्या बऱ्याच भागाचा तेव्हाचा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. म्हणून पुसदकडील घराण्याचा १९०५ पूर्वीचा कागद शोधताना ‘यवतमाळ जिल्हा’ हे शीर्षक धुंडाळले तर हाती काही लागत नाही. ‘वाशीम’ पाहावे लागते.

९/
स्वातंत्र्यानंतर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. सत्ता बदलली तसे दप्तरही विखुरले. मोगलकालीन दख्खनचे फारसी कागद हैदराबादच्या पुराभिलेखागारात. मराठेशाहीचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सचिवालयाच्या संचिका नागपूरच्या विदर्भ पुराभिलेखागारात. गावपातळीच्या नोंदी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांत. एका कुटुंबाची गोष्ट चार शहरांत आणि चार लिप्यांत वाटली गेली : फारसी, मोडी, रोमन आणि बाळबोध.

१०/
सर्वांत जुना माग लागतो तो वतनदारांचा. परगण्याचे देशमुख-देशपांडे, गावचे पाटील आणि पटवारी. वतनाचा वाद उपस्थित झाला की प्रत्येक पक्ष आपला ‘करीना’ मांडी, म्हणजे घराण्याची हकिकत. निवाडा होई तो ‘महजर’ म्हणून लिहिला जाई. आजच्या अभ्यासकाला अनेक पिढ्यांची नावे एकत्र मिळतात ती अशा तंट्यांमुळे. ज्या घरात भाऊबंदकी पेटली नाही त्याचा इतिहास पुष्कळदा कोराच राहतो. अर्थात करीना हा दाव्याचा कागद. त्यातील पूर्वज फिर्यादीच्या सोयीनेही उभे केलेले असू शकतात.

११/
वतनाबाहेरचा कुणबी, माळी, गोंड कागदावर ठळकपणे येतो तो रयतवारी पाहणीनंतर. मुंबई पद्धतीची ही मोजणी वऱ्हाडात १८६१ पासून सुरू झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि त्याच्यापुढे खातेदाराचे नाव लागले. १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांखाली ओसाड गावे इजाऱ्याने दिली गेली. यवतमाळमधील कित्येक गावांच्या नावामागे आजही ‘इजारा’ हा शब्द आहे. गावाच्या नावातच पुरावा उरला आहे : हे गाव इजाऱ्यावर पुन्हा वसले, तेव्हा येथील घराण्याचे मूळ बहुधा दुसरीकडे शोधावे.

१२/
विदर्भातील वंशावळ-शोधाचा खरा आधार मात्र ‘कोतवाल बुक’. गावातील जन्म-मृत्यूची ही जुनी नोंदवही. तारीख, बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, मृत्यू असल्यास कारण. आजोबा-पणजोबांचा शोध घेणारा माणूस तहसील कार्यालयात जातो तो हिची नक्कल मागायला. ही वही घराण्यांच्या स्मरणासाठी कोणी ठेवली नव्हती. साथी, आरोग्य आणि लोकसंख्या यांचे आकडे सरकारला हवे होते; नावे त्यासोबत ओघाने आली.

१३/
ही वही वाचायलाही शिकावे लागते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते, कारण बारसे नंतर होते. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेच असते. तो मुलगा कोणता, हे ठरवायला शाळेची दाखल-खारीज नोंदवही लागते. आणि शाळेतील जन्मतारीख अनेकदा गुरुजींच्या अंदाजाची. मृत्यूच्या रकान्यात ‘ताप’ हा शब्द वारंवार भेटतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत-वऱ्हाडात हाहाकार माजवला होता. त्या सालच्या पानांवर एकाच बापाच्या नावापुढे ओळीने ‘ताप’ दिसला, तर त्या घराची एक फांदी तेथेच का तुटली, ते उमगते.

१४/
मग जनगणनेचा उपयोग का होत नाही? वऱ्हाडची पहिली शिरगणती १८६७ ची, म्हणजे जुनीच. परंतु जनगणनेच्या छापील खंडांत माणसांची संख्या सापडते, नावे सापडत नाहीत. १९०८ च्या यवतमाळ जिल्हा गॅझेटियरमध्येही जाती, पिके, बाजार, देवस्थाने आहेत; साध्या शेतकऱ्याचा आजोबा नाही. समाजाचा इतिहास लिहायला हे खंड मोलाचे. एका माणसाचा इतिहास लिहायला कोतवाल बुकातील एक ओळ त्यांच्याहून वजनदार ठरते.

१५/
पुढची अडचण आडनावाची. जुन्या नोंदींत माणूस ‘अमुक वल्द तमुक’ असा येतो. वल्द म्हणजे मुलगा. आडनाव सर्वत्र नसे, आणि असले तरी स्थिर नसे. प्रसिद्ध उदाहरण पुसदजवळच्या गहुलीचे. हा तांडा वसवणारे चतुरसिंग राठोड. त्यांचे नातू मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक. तांड्याच्या प्रमुखाचा ‘नायक’ हा मान पुढे आडनाव झाला. एवढे ठाऊक नसलेला संशोधक राठोड आणि नाईक ही दोन घराणी मानील. वाकाटकांच्या वाचनात दोनांचे एक झाले होते. येथे एकाची दोन होतात.

१६/
हे सारे आज इतके महत्त्वाचे का? महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांचे वास्तव्य ठराविक तारखेचे दाखवावे लागते : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. अर्जासोबत वंशावळीचे शपथपत्र. स्वातंत्र्यपूर्व कागदांचे पुराव्याचे मूल्य अधिक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले. म्हणून एका विद्यार्थिनीचा प्रवेश कधीकधी शंभर वर्षांपूर्वीच्या पटवाऱ्याच्या हस्ताक्षरावर येऊन थांबतो.

१७/
यवतमाळने याची आणखी एक विचित्र बाजू अनुभवली. विदर्भातील अनेक जमातींना अनुसूचित जमातीचा दर्जा पूर्वी ठराविक तालुक्यांपुरताच होता. या जिल्ह्यात ते तालुके तीन : केळापूर, वणी आणि यवतमाळ. दारव्हा आणि पुसद वगळलेले. एकाच पणजोबाचे वंशज, एक वणीला आणि एक पुसदला; पहिला आदिवासी, दुसरा कायद्याच्या लेखी नाही. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठवली. कुटुंबाची शाखा कोठे वसली, या प्रश्नाला तोवर वंशाइतकेच महत्त्व होते.

१८/
एका शब्दाची किंमत किती, हे गोवारी समाजाच्या लढ्यातून कळते. यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद. मागणी गोवारी समाजाची. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मृत्युमुखी पडले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने गोंड गोवारी ही जमात १९११ पूर्वीच लुप्त झाल्याचे मानून गोवारींच्या बाजूने निकाल दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. वसाहतकालीन जनगणना आणि जातिवर्णनाचे ग्रंथ न्यायालयात पुरावा म्हणून उघडले गेले. ज्या कारकुनांनी आणि अधिकाऱ्यांनी ते शब्द लिहिले, त्यांना याची कल्पनाही नसावी.

१९/
या सर्व कागदांत एक मोठी उणीव आहे : बाई. पटवारी बापाचे नाव लिहितो, शपथपत्र पितृकुळातील नातलग विचारते, घरातील वंशवृक्षावर मुलींच्या फांद्या नसतात. मात्र याच विदर्भात दीड हजार वर्षांपूर्वी वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने आपल्या ताम्रपटाच्या आरंभी सासरची नव्हे, माहेरच्या गुप्तांची वंशावळ कोरवली आणि गोत्रही माहेरचे, धारण, सांगितले. राज्यकारभार हाती असलेल्या स्त्रीला ते शक्य झाले. इतर असंख्य जणींची नावे मृत्यूच्या रकान्यात ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर संपली.

२०/
आणि ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचे काय? त्यांच्या वंशावळी गळ्यात आहेत. गोंडांचे वंशपरंपरागत गायक प्रधान. ते किकरी वाजवत कुळांच्या उत्पत्तीची आणि देवांची गाथा गातात. चार, पाच, सहा, सात देवांची कुळे आणि त्यांतील सोयरीक यांचा हिशेब त्या गाण्यांत असतो. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादमधील ही परंपरा हायमेनडॉर्फ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास नोंदवली. बंजारा समाजात हेच काम ढाडी करतात. एक प्रधान निवर्तला आणि शिष्य नसला, तर जळालेल्या दप्तराइतकीच हानी होते.

२१/
कायद्यानेही हे काही अंशी मान्य केले आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. त्यातील नियम १३ मध्ये जुन्या नोंदीतील व्यक्तींपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन, हे दोन्ही पुरावे म्हणून नमूद आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी समूह तीन : कातकरी, माडिया गोंड आणि यवतमाळच्या डोंगरांतले कोलाम. ज्या कोलाम पोडांवर पटवाऱ्याची वही क्वचितच पोहोचली, तेथे म्हाताऱ्या माणसाची आठवण हाच अभिलेख.

२२/
सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांची मागणी एकाएकी वाढली. जुने बस्ते सोडले गेले, पाने छायांकित झाली. त्या मागणीविषयी मते काहीही असोत, एक गोष्ट उघड झाली : जो कागद जपला नाही, तो गरजेच्या दिवशी निर्माण करता येत नाही, आणि जो वाचता येत नाही, तो असून नसल्यासारखा.

२३/
आपल्या घराचा माग काढणाऱ्यासाठी क्रम साधा आहे. आधी घरातील वृद्धांचे बोलणे तारखेसह लिहून वा ध्वनिमुद्रित करून ठेवावे. त्यात आजी, आत्या, मावशी यांना वगळू नये. मग शाळेची दाखल-खारीज, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, त्यामागे कोतवाल बुक आणि पाहणीचे खाते. गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात आणि जिल्ह्यात होते ते प्रथम पाहावे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीही विचाराव्यात. प्रत्येक नाव किमान दोन स्वतंत्र ठिकाणी जुळल्याखेरीज पक्के मानू नये. जुन्या वहीतील अक्षर ‘दुरुस्त’ तर कधीही करू नये.

२४/
वाशीमचे ताम्रपट शतकानुशतके कोणाच्या तरी जपणुकीत राहिले. ज्यांनी ते सांभाळले त्यांतील बहुतेकांना त्यांवरील अक्षरे वाचताही येत नसतील. तरी त्यांनी ते वितळवले नाहीत. म्हणून एका राजघराण्याचे आजोबा आणि नातू पुन्हा एकमेकांना भेटले. तहसील कचेरीतील वाळवी लागलेली वही काय, प्रधानाचे गाणे काय, त्यांचीही गोष्ट तीच. वाचणारा उद्या येईल. तोवर सांभाळणारा आज हवा.

(धागा समाप्त)